तुम्ही विचारलंत म्हणून : तुम्हाला बोअर नाही व्हायचं?

पुण्यात वाढलेली माझी पुतणी दर दिवाळीला गावी आली की विचारते, "मोठेबाबा, टीव्ही नाही, मोबाईल नाही, तुम्हाला बोअर नाही व्हायचं?" तिच्या वयाची इतर पोरंही हेच विचारतात, म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

कंटाळायला सवड लागते, ती नव्हती. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्ह्याकडचं. सकाळी गायकी, म्हणजे गुराखी, आखरावर गुरं जमवायचा, तिथं आम्ही टोपलं घेऊन शेण वेचायला. मग विहिरीचं पाणी, कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचे भारे. आई पहाटेपासून जात्यावर. त्या जात्याबद्दल शहरातले लोक फार हळवे होऊन बोलतात. आईला विचारून बघा. गावात चक्की आली तेव्हापासून तिनं जात्याला हात लावलेला नाही. "पाठ कोनाची मोडे, तुमची का माही?" एवढंच म्हणते. वेळ कळायची शकुंतलेच्या, म्हणजे आमच्याकडच्या रेल्वेगाडीच्या, शिटीवरून. यवतमाळ-मूर्तिजापूर ही इंग्रजांच्या काळात कापसासाठी टाकलेली नॅरोगेज लाइन, 1994 पर्यंत तिच्यावर वाफेचं इंजिन होतं. गाडी लेट झाली की निंदणाऱ्या बायांची जेवणाची सुट्टीही लेट, आणि त्यावरून मालकाशी भांडण ठरलेलं.

मला खरी आठवते ती जागल. ज्वारीच्या कणसात दाणा भरला की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, यायचे, म्हणून रात्री मुक्काम शेतातच. चार बल्ल्या रोवून बांधलेला माळा, त्यावर तुराट्यांचं छप्पर, खाली गोवऱ्यांची आगटी. बाबांसोबत मी जायचो ते हुरड्याच्या लालचीनं. कणीस आगटीत खुपसायचं, फिरवत फिरवत भाजायचं आणि चटके बसत असतानाच तळहातावर चोळायचं. फुंकर मारली की कोंडा उडतो, हिरवे दाणे हातात राहतात. सोबत गूळ, नाहीतर लसणाचं तिखट. बुधवारी पलीकडच्या धुऱ्यावरचे काका ट्रान्झिस्टर घेऊन यायचे, रात्री आठला रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला लावायला. खरखरच जास्त ऐकू यायची, पण बोलायची कोणाची टाप नव्हती.

अधूनमधून कोणीतरी डबडं वाजवून हाळी द्यायचा. पुढच्या माळ्यावरून तिला उत्तर, मग त्याच्या पुढच्या, अशी ती नाल्यापर्यंत जायची. एखाद्या शेतातून उत्तर आलं नाही की बाबा कंदील घेऊन निघायचे. बहुतेकदा तो गडी झोपलेला असायचा आणि शिव्या खायचा. एकदा मात्र विंचू चावून विव्हळत पडलेला सापडला. बैलबंडी जुंपली आणि रातोरात त्याला दारव्ह्याला नेलं.

पुतणीला वाटतं, हे सगळं मोबाईलनं संपवलं. मोबाईल बिचारा फार उशिरा आला. आमच्याकडे नव्वदीत सोयाबीन शिरलं. जूनअखेर पेरा, शंभरेक दिवसांत पीक थ्रेशरमध्ये, दिवाळीला हातात पैसा. कास्तकारानं ते काऊन सोडावं? ज्वारीला भाव नव्हता, आणि कापणीच्या वेळी पाऊस झाला की संकरित ज्वारी काळी पडायची. पण ज्वारीबरोबर कडबा गेला. कडबा नाही म्हणून गुरं कमी झाली, मग बंडी गेली, गोवऱ्याही गेल्या. माळ्यावर जाऊन राखावं असं पीकच राहिलं नाही. आता हरभऱ्याला झटका मशीन असतं. सौर बॅटरीवरची तार, डुकराला हिसका बसतो आणि मालक घरी झोपतो. मीही बसवलंय, आणि मला छान झोप लागते. शेजारच्या वावरात रात्री कोण असतं, हे मात्र मला आता माहीत नसतं.

मध्ये एका वर्षी पुतणीच्या हट्टापायी भावानं विहिरीजवळ चार तासं, म्हणजे चार ओळी, ज्वारी पेरली. पाखरं पूर्वीही होतीच, पण तेव्हा ती अख्ख्या शिवारात वाटली जायची. आता कणसं तेवढीच, त्यामुळे पंचक्रोशीतले थवे तिथंच उतरले. पुतणी गोफण घेऊन उभी राहिली खरी, पण सुट्टी संपली आणि ती पुण्याच्या बसमध्ये बसली. हुरड्यापुरतंही काही हाती लागलं नाही. भावाला यंदा पुन्हा विचारलं, तर म्हणाला, "सोयाबीनच बरं हाये बाप्पा."