व्हिएतनामला निघालाय? व्हिसावरचा एक शब्द वाचा

कोल्हापुरातल्या एजंटानं माणशी साडेसात हजार घेतले आणि सिंगल एंट्रीचा व्हिसा हातात दिला. चूक त्याची. पण कागद मीही वाचला नाही, हे आधीच कबूल करतो.

बेत असा होता: हनोई, हा लाँग, हो ची मिन्ह सिटी, तिथनं बसनं कंबोडियात अंकोर वाट, आणि परतीचं विमान पुन्हा हो ची मिन्हहूनच. म्हणजे व्हिएतनाममध्ये दोनदा शिरणं आलं. एजंटाला तारखांसकट लिहून दिलं होतं. "साहेब, सोडा हो काळजी, मल्टिपलच काढतो."

हनोईचे पाच दिवस झकास गेले, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कंबोडियाची राजधानी नॉमपेन्ह, तिकडं जाणाऱ्या बसमधनं व्हिएतनामच्या हद्दीवरच्या मोक बाईच्या नाक्यावर उतरलो. बसचं पोरगं रबर लावलेला पासपोर्टचा गठ्ठा घेऊन आत गेलं, बाहेर पडल्याचे शिक्के बसले. मग माझा कागद बघून त्यानं तारखेशेजारी बोट ठेवलं. 'सिंगल'. मी आत वळून बघितलं, पण शिक्का बसलेला. आता मागं कुठलं जाताय! बायको म्हणाली, "अहो, पासबुकातली एंट्री तीनदा वाचता, आणि ही नाही वाचलीत?"

पुढं हद्दीपलीकडं, बावेतच्या नाक्यावर कंबोडियाचा व्हिसा. फी ३० डॉलर, पोरगं मागतंय ३५. वरचे पाच कसले, तर 'फास्ट'. फास्ट कसलं डोंबलाचं, बस सगळ्यांना घेऊन एकदमच सुटते! खिडकीवर स्वतः उभं राहता येतं, पण उन्हानं माझी भांडायची ताकद गेली होती. दिले. तुम्ही देऊ नका. त्यापेक्षा कंबोडियाचा ई-व्हिसा घरनंच काढा, बावेतला चालतो. आणि डॉलर कोरे न्या. कोपरा किंचित फाटलेली वीसची नोट मला तिघांनी परत केली.

रात्री लॉजवर व्हिएतनामच्या व्हिसाचा नवीन अर्ज भरायला बसलो. सरकारी साइटवर सिंगलचे २५ डॉलर, मल्टिपलचे ५०, मुदत ९० दिवसांपर्यंत. म्हणजे एजंटाचे साडेसात हजार कशाचे, ते तुम्हीच ठरवा. पैसे भरताना कार्डाचा ओटीपी गेला कोल्हापूरच्या सिमवर, आणि ते सिम घरी, जुन्या फोनात. पोराला फोन लावला तर तो रंकाळ्यावर भेळ खात बसलेला. तो घरी पोचेपर्यंत दोन ओटीपी वाया गेले. तेव्हा आपलं सिम रोमिंग चालू करून सोबतच ठेवा आणि कार्डावर परदेशी व्यवहार निघायच्या आधी सुरू करून घ्या.

वेळ म्हणाल तर कामाचे तीन दिवस. आम्ही गुरुवारी रात्री भरला, मधे शनिवार-रविवार, आणि बुधवारी रात्री विमान! अंकोरचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर, तीन दिवसांचं ६२. अडकलोच होतो, तीनचं काढलं. समुद्रमंथनाच्या त्या लांबलचक कोरीव भिंतीसमोर उभा राहून मी मोबाईलवर अर्जाचं स्टेटस बघत होतो. देऊळ चांगलं आहे म्हणतात.

मंगळवारी दुपारी चारला व्हिसा आला.

अर्ज स्वतःच भरा, अवघड काही नाही. साइटच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट व्हीएन' आहे ना, ते बघा. तशाच दिसणाऱ्या दलालांच्या साइटी ढीगभर आहेत. नाव पासपोर्टच्या तळाच्या दोन ओळींत आहे तसंच टाका. आपल्यात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, ते गाळलंत तर विमानतळाच्या काउंटरवरच अडकाल. तारीख आधी दिवस, मग महिना. फोटोत चष्मा नको. कुठल्या नाक्यानं आत शिरणार तेही विचारतात. बसनं परतणार असाल तर मोक बाई निवडा, विमानतळ नव्हे. चूक झाली तर फी परत मिळत नाही. छापील प्रत जवळ ठेवा, आम्ही लॉजच्या काउंटरवर काढून घेतली.

परतताना मोक बाईला पाच मिनिटांत शिक्का बसला. तेच पोरगं होतं. पुन्हा पाच डॉलर मागत होतं, या वेळी नाही दिले. एजंटाला पैसे परत मागितले, तर म्हणतो, "पुढच्या ट्रिपला ॲडजस्ट करू की साहेब."