बांगडीखालची माशी

मार्च सरता सरता आमच्या महाबळेश्वरच्या डोंगरात जांभूळ फुलतो. सकाळी झाडाखाली उभं राहिलं की वरून एकसारखी गुणगुण ऐकू येते. यंदा त्या गुणगुणीत आमच्याही मधमाश्या होत्या. परड्यात दोन पेट्या, दोन्ही सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या. पंधरवडाभर मी नुसती लांबून बघत होते. त्या दिवशी पहिल्यांदा पेटी स्वतःच्या हाताने उघडायची होती.

शिकवणारे आमचे नाना, माझे चुलत सासरे. त्यांचं उभं आयुष्य मोहोळांत गेलं. आदल्या रात्रीच त्यांनी बजावलं होतं, "सूनबाई, वासाचं तेल नको, गजरा नको, काळं लुगडं नको. आणि बांगड्या काढून ये."

बाकी सगळं मी पाळलं. बांगड्या मात्र दोन ठेवल्या. हात अगदी मोकळा ठेवायला मन होईना.

दहा वाजता ऊन चांगलं वर आल्यावर नानांनी स्मोकरमध्ये, म्हणजे धूर सोडायच्या डब्यात, गोणपाटाचे तुकडे पेटवले. धूर हाताला गार लागला तेव्हाच वापरायला दिला. दारातून दोनतीन फुंकर मारायची आणि थांबायचं. धूर आला की माश्या मध पोटात भरून घ्यायला धावतात आणि पोट भरलेली माशी सहसा भांडत नाही. दारासमोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं, त्यांची जायची-यायची वाट अडवायची नाही. हातमोजे नानांनी घालू दिले नाहीत. "जाड बोटांना माशी कळत नाही. चिरडतेस कधी ते समजायचं नाही तुला."

झाकण उचलताना जरा ठेचकळलं, तसा आतून 'स्स्स' असा फुत्कार आला. सातेरीची ही सवयच आहे, पेटीला धक्का बसला की सगळं मोहोळ एकदम फुत्कारतं. माझ्या अंगावर काटा आला. नाना म्हणाले, "दम खा. मनात दहा मोज, मग पटाशी लाव."

पोळं बांधलेली पहिली लाकडी चौकट निघाली, दुसरी निघाली. तिसरी वर घेताना एक माशी मनगटावर चढली आणि बांगडीखाली शिरली. मी हात वळवला, काच आणि कातडी यांच्यात ती दबली आणि डसली.

कळ खांद्यापर्यंत गेली. हात झटकावा असंच वाटलं. नाना हळू पण ठाम आवाजात म्हणाले, "चौकट आधी. हात मग."

चौकटीवर शेकडो माश्या होत्या, कोठ्यांत पिल्लं होती. कदाचित राणीही त्यावरच असेल. चौकट हातातून सुटली असती तर माझा एक डंख कुठल्या कुठे राहिला असता. दात आवळून मी ती सरळ खाली, जागच्या जागी सोडली.

तोवर पिकल्या केळ्यासारखा वास नाकात आला. डसताना माशी हा वास सोडते आणि इतर माश्यांना कळतं की मारायचं इथेच. आणखी दोघी मनगटाभोवती घिरट्या घालू लागल्या. नानांनी आधी त्या जागी धूर सोडला, वास झाकला, मग मला आठदहा पावलं मागे नेलं. काटा कातडीत तसाच होता. त्याच्या टोकाशी बारीकशी पांढुरकी पिशवी होती आणि माशी सुटून गेली तरी ती आपली आपण धडधडत विष आत ढकलत होती. मी बघतच राहिले. "बघत बसू नकोस," म्हणत नानांनी नखाने खरवडून तो काढला.

मग त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि अर्धा तास हलू दिलं नाही. "ओठ जड वाटतात? घसा आवळतोय? अंगावर गांधी? चक्कर?" दर थोड्या वेळाने तेच प्रश्न. डसलेल्या जागी सूज येणारच, तिला भ्यायचं नाही. पण सूज सोडून अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. म्हणून पेटीवर एकट्याने जायचं नाही, हे नानांनी त्या अर्ध्या तासात तीनदा सांगितलं.

मला तसं काही झालं नाही. मनगट मात्र फुगलं आणि बांगड्या रुतल्या. सासूबाईंनी खोबरेल लावून त्या एकेक करून उतरवल्या.

दुपारी नानांनी विचारलं, "पेटी अर्धी बघून ठेवलीय. मी बघू की तू?"

मी तोंडावर जाळी घातली. उरलेल्या चौकटी हळू, एकेक करून वर घेतल्या. सहाव्या चौकटीवर राणी दिसली, लांबट, काळसर, माश्यांच्या घोळक्यातून वाट काढत चाललेली. शेजारच्या कोठ्यांत उभी, तांदळाच्या कणीहून बारीक अंडी होती. मी नानांना बोटाने दाखवली. त्यांनी मान हलवली आणि मी झाकण ठेवलं.