तुम्ही विचारलंत म्हणून: माऊस कुठं गेला?

दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी विचारतं, "ताई, माऊस कुठं गेला?" मग त्याची नजर कीबोर्डच्या मधल्या लाल बोंडावर पडते. "हे काय, खोडरबर अडकलाय की काय?" वीस वर्षं डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईचा मजकूर जुळवायचं काम करतेय आणि गेली काही वर्षं रोज हेच ऐकतेय. आता एकदाच सांगते.

खोडरबर नाही तो. बोंड बोटानं रेटलं की पडद्यावरचा बाण सरकतो. ते माऊससारखं फिरवायचं नसतं; जोर किती आणि कुठल्या बाजूला, एवढंच त्याला कळतं. आयबीएमच्या टेड सेल्कर यांच्या कामातून हे आलं आणि 1992 सालच्या थिंकपॅड लॅपटॉपवर बसलं. जागा जी, एच आणि बीच्या बेचक्यात. आम्हा इनस्क्रिप्टवाल्यांच्या, म्हणजे त्या मराठी कीबोर्ड-मांडणीत टाइप करणाऱ्यांच्या हिशेबानं उकार, प आणि व यांच्यामध्ये. क्लिकची बटणं स्पेसबारखाली, अंगठ्याजवळ. अक्षरांवरचा हात उचलावा लागत नाही.

मग माऊसनं काय घोडं मारलं? काउंटर जेमतेम दीड हात, त्यावर प्रूफं, पत्रिकांचे नमुने, चहाचे कप. शिवाय दुकान सोलापूरच्या पूर्व भागात, भिंतीपलीकडे यंत्रमाग. गोळीवाले माऊस होते तेव्हा आतल्या रुळांना सुताची तूस गुंडाळलेली असायची, नखानं खरवडावी लागायची. हे कारण मी कित्येकांना ऐकवलंय. पण आताच्या माऊसला गोळीच नसते, त्यामुळे ते कारण कधीच बाद झालंय.

खरं कारण एक पत्रिका आहे.

तेव्हा माझ्याकडे टचपॅडवाला कीबोर्ड होता, पॅड स्पेसबारच्या खाली. मीच हौसेनं आणलेला. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा नुकतीच उठलेली, लग्नांची घाई. सहाशे पत्रिकांचं काम. वरपक्षाकडे वरच्या ओळीत मुलाच्या वडिलांचं नाव, खाली आजोबांचं. आजोबा वारलेले, म्हणून त्यांच्या नावाआधी 'कै.' टाकायचं. माझी नजर हस्तलिखितावर. अंगठ्याखालची गादी पॅडला घासली, पॅडनं ते क्लिक समजलं, बाण वरच्या ओळीवर होता. 'कै.' जाऊन बसलं वडिलांच्या 'श्री.'आधी. मान वर केली तर आजोबांपुढं काहीच नाही. वाटलं, राहिलंच टाकायचं. पुन्हा टाकलं.

मुलाच्या मामांनी प्रूफ बघितलं. तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता. सही केली.

छापून गेल्यावर चौथ्या दिवशी मुलाचे वडील आले. पत्रिका काउंटरवर ठेवली, नावावर बोट ठेवलं. "बघा ओ ताई. मी मेलोय का?" त्यांच्या मंडळी पायरीवर चढल्याच नाहीत. मंगळसूत्र मुठीत धरून खालीच उभ्या होत्या, माझ्याकडं न बघता.

आणि मी काय म्हणाले? "प्रूफवर सही आहे तुमची."

"सही मेव्हण्याची आहे. नाव माझं आहे."

पुढं बोलायला काही उरलंच नाही. सगळ्या पत्रिका माझ्या खर्चानं पुन्हा छापल्या. पण चाळीसेक आधीच विजापूरकडच्या पाहुण्यांना पोचल्या होत्या. 'मी आहे अजून' असे फोन त्या माणसाला स्वतः करावे लागले. मुलाच्या लग्नाच्या आधी.

नंतर कळलं, पॅडवर नुसतं टेकल्यानं क्लिक होणं सेटिंगमधून बंद करता येतं. दोन मिनिटांचं काम. म्हणजे दोष पॅडचा की माझा? तेव्हाची मी म्हणते, सेटिंग बघितली असतीस तर निभावलं असतं. आताची मी म्हणते, बारा तास टाइप करणाऱ्या बाईनं आपली अंगठ्याखालची गादी कुठं टेकते यावर किती लक्ष ठेवायचं? बोंडाचं बरं आहे. त्याचाही बाण कधीकधी आपोआप कोपऱ्याकडं घसरतो, पण बटण दाबल्याशिवाय टायपिंगची जागा बदलत नाही. अक्षर जिथं पडायचं तिथंच पडतं.

आता तुम्ही म्हणाल, मग माऊसचंही तेच की! आहेच. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही. ड्रॉवरमध्ये एक माऊस आहेसुद्धा; फोटोची कड कापायला बोंड अगदीच कुचकामी, तेव्हा तो निघतो. दिवसभर रेटून बोटाचं टोक हुळहुळतं तेही खरं. आणि त्या प्रकरणानंतर मी प्रूफ नुसतं हातात देत नाही, एकेक नाव मोठ्यानं वाचून घेते, सही ज्यांची नावं आहेत त्यांच्यातल्याच कुणाची तरी घेते. पुन्हा तसं झालं नाही ते कीबोर्डमुळं की या वाचण्यामुळं, देव जाणे. कीबोर्डला मात्र साध्या कीबोर्डच्या कितीतरी पट पैसे मोजलेत.

परवाच एक आजोबा नातीची पत्रिका वाचून घेत होते. बाण आपला आपण सरकायला लागला. ते खुर्चीत मागं सरले, "ओ, हे कोण हलवतंय?"

"कुणी नाही. मी बोट उचललंय, थांबेल आता." थांबला. "हां, वाचा आजोबा. पुढं कुणाचं नाव?"