कोवळ्या वयातल्या कुत्रीची पारख: संरक्षण-प्रशिक्षणाचा माझा अनुभव

दक्षिण जर्मनीतल्या कार्ल्सरुह या शहरात १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ यांनी जर्मन शेफर्ड जातीची संघटना स्थापन केली. कुत्रा नुसत्या देखणेपणावर जोखू नये, तो कामावर आणि स्वभावावर जोखावा, हा त्यांचा आग्रह होता. त्या शहरापासून तासाभराच्या अंतरावर मी राहते आणि आमच्या गावातल्या छोट्याशा क्लबातही हा आग्रह आजतागायत टिकून असल्याचे दर शनिवारी पाहते. मी मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे राखणीच्या कुत्र्याची परीक्षा सोपी असे: परक्या माणसावर जो जोरात धावून जाईल, तो चांगला. इथली परीक्षा नेमकी तिथून पुढे सुरू होते, कारण कुत्रा धावून का गेला, हा इथे पहिला प्रश्न असतो. भारतातही आता जर्मन शेफर्ड आणि मॅलिनॉय (बेल्जियन जातीचे कुत्रे) पाळून त्यांना ‘प्रोटेक्शन’ शिकवू पाहणारे पुष्कळ लोक आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून आमच्या जुई या शेफर्ड कुत्रीची पारख कशी होत गेली, ते सविस्तर लिहीत आहे.

जुई कामाच्या वंशावळीतली, म्हणजे दिखाव्यासाठी नव्हे तर कामासाठी पैदास केलेल्या कुत्र्यांच्या घराण्यातली आहे. इथल्या पद्धतीप्रमाणे एका वेतातल्या सगळ्या पिल्लांची नावे एकाच अक्षराने सुरू होतात, त्यामुळे कागदोपत्री तिचे नाव वेगळे आहे. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचे नाही, असा इथला कायदा आहे. पिल्लाच्या मनाची दारे मात्र साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच सताड उघडी असतात. म्हणजे पिल्लू आपल्या हाती येते तेव्हा या मोलाच्या काळाचा मोठा भाग पैदासकाराच्या अंगणात सरलेला असतो. म्हणून पिल्लू निवडताना मी त्याच्या रंगापेक्षा ते अंगण अधिक निरखले. पैदासकाराने पिल्लांच्या मागे एक पत्र्याचा डबा पाडला. सगळीच दचकली. जुई दोन पावले मागे सरली, थांबली, आणि मान लांब करून त्या डब्याचा वास घ्यायला परत आली. दचकणे हा दोष नव्हे. सावरायला किती वेळ लागतो आणि सावरल्यावर पिल्लू कोणत्या दिशेला जाते, हे पाहायचे असते. पुढच्या सगळ्या प्रशिक्षणात मला हीच एक कसोटी सर्वाधिक उपयोगी पडली.

संरक्षण-प्रशिक्षणात कुत्र्याच्या मुख्यतः दोन प्रेरणांवर काम होते. पहिली शिकारीची ओढ: पळणारी वस्तू दिसली की तिचा पाठलाग करायचा, ती धरायची आणि मिरवत न्यायची. यात कुत्र्याला धोका वाटत नसतो, उलट त्याला आनंद होत असतो. दुसरी बचावाची प्रेरणा: समोरून धमकी आली की तिला परतवून लावायचे. या दुसऱ्या प्रेरणेत जोर फार असतो, पण तिच्या मुळाशी काळजी असते, आणि काळजीत पडलेल्या प्राण्यापुढे लढणे आणि पळणे असे दोन्ही रस्ते खुले असतात. ही प्रेरणा पेलण्याइतके मन पक्व व्हायला साधारण वर्ष-दीड वर्ष, काही कुत्र्यांत त्याहूनही अधिक काळ जातो. त्याआधीच जर कोणी पिल्लाला धमकावून ‘तापवले’, तर ते पळण्याचा रस्ता शिकते किंवा भीतीने चावायला शिकते, आणि यातले काहीही पुढे सहज पुसून टाकता येत नाही.

जुई सहा-सात महिन्यांची असताना एका धुक्याच्या सकाळी हे मला अगदी जवळून पाहायला मिळाले. मैदानाच्या टोकाला आमचा हेल्फर, म्हणजे कुत्र्यासमोर हल्लेखोराची भूमिका करणारा माणूस, जाड संरक्षक कपडे घालून निश्चल उभा होता. जुईला तो अचानक दिसला आणि ती जोरात भुंकू लागली. क्लब पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी कौतुकाने मान डोलावली. मी मात्र पट्टा धरून तिच्या मागेच उभी असल्याने मला बाकीचेही दिसत होते: खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत उभे राहिलेले केस, मागच्या पायांवर गेलेला भार, मागे ताणलेले ओठांचे कोपरे, आणि प्रत्येक दोन-चार भुंकण्यांनंतर माझ्याकडे वळणारी नजर. आवाज पुढे जात होता आणि अंग मागे येत होते. हेल्फरने एक पाऊलही पुढे टाकले नाही. त्याने अंग बाजूला वळवले, नजर खाली घेतली, एक चिंधी जमिनीवरून फरफटत तो आमच्यापासून दूर धावू लागला, आणि क्षणार्धात जुईचा सूर बदलला. भुंकणे चढ्या पट्टीत, एका लयीत येऊ लागले, भार पुढच्या पायांवर आला, केस बसले. त्याने तिला चिंधी धरू दिली, जिंकू दिली आणि त्या दिवसाचे काम तिथेच थांबवले.

क्लबात त्याच वयाचा एक नर होता. दिसायला दांडगा, भुंकणे भारदस्त, आणि त्याच्या मालकांना त्याचा फार अभिमान. तो कोणावरही गुरगुरत असे, पण गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय थरथरत आणि छत्री उघडली की तो गाडीखाली शिरे. इतक्या सहज पेटणाऱ्या कुत्र्याला नवखे लोक धाडसी समजतात. माझ्या मते तो बिचारा सतत घाबरलेला असतो, आणि त्याच्याकडून संरक्षणाचे काम करून घेणे त्याच्यावर अन्याय करणारे आणि आसपासच्या माणसांना धोक्याचे आहे. त्याच्या मालकांनी क्लबातल्या जाणत्यांचे ऐकले आणि त्याला केवळ माग काढण्याच्या कामाकडे वळवले. शेतातला माग मान खाली घालून हुंगताना तो अगदी निवांत असतो.

पारख करताना आवाजापेक्षा पकड अधिक खरे बोलते. निश्चिंत कुत्रा तोंड पूर्ण भरून, दाढांपर्यंत धरतो आणि धरल्यावर शांत होतो. अस्वस्थ कुत्रा पुढच्या दातांनी धरतो, पुन्हा पुन्हा पकड बदलत चघळत राहतो. बाही, म्हणजे कुत्र्याने धरण्यासाठी हेल्फर हातात घालतो ते जाड आवरण, सुटून तोंडात आल्यावर कुत्रा काय करतो, हेही पाहावे. जुई ती उचलून माझ्याभोवती मोठे वळसे घेई. आम्ही तिला तशी फिरू देत असू, कारण त्या फिरण्यात तिचे मन निवत असे. काही कुत्रे बाही टाकून लगेच हेल्फरकडे वळतात. त्याला कोणी लढण्याची जिद्द म्हणते, पण वर्षाच्या आतल्या कुत्र्यात ती बहुधा चिंताच असते.

मात्र पकडीवरून निष्कर्ष काढताना शरीराचा विचार आधी करावा लागतो. साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे दात पडून कायमचे येतात. या काळात आम्ही ओढाओढीचा खेळ पूर्ण बंद ठेवला, कारण दुखणाऱ्या हिरड्यांनी धरलेली पकड स्वभावाबद्दल काहीच सांगत नाही आणि एकदा मनात बसलेली वेदना पुढे पकड बिघडवते. पहिला माज येऊन गेल्यावरही काही आठवडे जुई मंद आणि हळवी झाली होती. तेव्हा आम्ही फक्त फिरणे आणि माग एवढेच ठेवले.

जातीच्या संघटनेची औपचारिक स्वभाव-चाचणी नऊ ते तेरा महिन्यांच्या वयात होते. तीत चावण्याचे काम नसते, आणि मला ते फार शहाणपणाचे वाटते. परीक्षक मानेजवळची चिप वाचतात, अनोळखी माणसांच्या घोळक्यातून कुत्र्याला नेतात, वेगळ्या पृष्ठभागावरून चालवतात, अचानक आवाज करतात, खेळण्याची ओढ पाहतात. एका आवाजाला जुई थबकली, तिकडे पाहिले आणि चेंडूसाठी माझ्याकडे आली. चाचणी पार पडली.

त्यानंतर, सव्वा वर्षाची होऊन सोबती-कुत्र्याची प्राथमिक परीक्षा दिल्यावर, हेल्फरने तिच्यावर पहिल्यांदा थोडा दाब टाकला. बाही तिच्या तोंडात असताना तो सरळ तिच्या डोळ्यांत पाहत पुढे झुकला आणि मऊ काठी तिच्या डोक्यावर उगारली. जुईचे कान मागे गेले, तिने क्षणभर डोळे मिटले, आणि पकड ढिली करण्याऐवजी ती आणखी आत रेटली. त्याच क्षणी हेल्फर मागे हटला आणि बाही सोडून दिली, जेणेकरून दाब आला तर घट्ट धरावे, म्हणजे दाब सरतो, एवढेच तिच्या मनात उरावे. तेव्हापासून दाब हळूहळू वाढवत नेतो, आणि प्रत्येक वेळी मागाहून शिकारीच्या खेळात तिला मोकळे करतो.

कुत्रा अठरा महिन्यांचा झाल्यावर या कामाची पहिल्या पातळीची परीक्षा देता येते. माग, आज्ञापालन आणि संरक्षण असे तिचे तीन भाग, प्रत्येकी १०० गुणांचे. सध्या आमचा सगळा वेळ सांगताक्षणी बाही सोडण्यावर जात आहे. आपल्या हाकेसरशी न सोडणारी कुत्री कितीही निधड्या छातीची असली तरी मी तिला परीक्षेच्या मैदानात नेणार नाही, आणि जुई अजून दुसऱ्या हाकेला सोडते.