मागच्या रांगेतली बुरशी : फडताळाची पावसाळी नोंद

दिवाळी अंकांच्या फडताळात, खालून दुसऱ्या खणातल्या मागच्या रांगेवर पुन्हा राखाडी-हिरवी बुरशी आली आहे. ती आली तेव्हा त्याच खणातला आर्द्रतामापक ६५ टक्के दाखवत होता, म्हणून ही नोंद तातडीने लिहीत आहे.

पहिला संशय मापकावर गेला. बाटलीच्या झाकणात साधे मीठ घेऊन ते ओल्या वाळूइतके भिजवले आणि मापकासह हवाबंद डब्यात रात्रभर ठेवले. अशा डब्यात आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिर होते. मापकाने ७४ दाखवले. म्हणजे मापक खरे बोलत होता, पण ते पुढच्या रांगेजवळच्या हवेपुरते.

उलगडा झाला तो फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून आणलेल्या इन्फ्रारेड तापमापकाने. खणातली हवा ३० अंश सेल्सिअस होती आणि मागची भिंत २७ अंश. हवेतले बाष्प तेवढेच असले, तरी हवा गार पृष्ठभागाला टेकली की तिची सापेक्ष आर्द्रता वाढते. ३० अंशांवरची ६५ टक्के आर्द्रता २७ अंशांच्या भिंतीपाशी ७७ टक्क्यांवर जाते. ७० टक्क्यांच्या वर ती सतत राहिली की बुरशीला आणखी काही लागत नाही, कारण खाद्य म्हणून कागद आणि खळ तिथे आहेतच. आमची ही भिंत पश्चिमेची आहे. नवापूरला उर्वरित खानदेशापेक्षा पाऊस जास्त, आणि त्याचा मारा नेमका याच बाजूने होतो. विटा पाणी धरून ठेवतात, आतल्या ऑइल पेंटमुळे ते मोकळेपणाने बाहेर पडत नाही, आणि तळाशी लोणा फुटून रंगाचे पापुद्रे सुटले आहेत.

हे लक्षात आल्यावर ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा हिशेबही बदलतो. एवढ्या दमटपणात एक किलो जेल साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम पाणी धरते, आणि ओली भिंत ते सहज भरून काढते. कोरड्या पेटीत जेल उत्तम. अशा फडताळात लहान पुड्यांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते, म्हणून मी सुरतेच्या रसायन विक्रेत्याकडून नारिंगी जेल किलोने आणतो. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी जास्त ओढतात, पण ते पाणी डब्यात साचते आणि सांडले तर अंक हातचे जातात. डांबर गोळ्या किडींसाठी आहेत. त्यांनी ओल कमी होत नाही.

वरच्या दोन खणांत मात्र मन भरून आले. तिथे सलग फळ्यांऐवजी पट्ट्या बसवून भिंतीपासून तीन बोटे जागा सोडली होती. कुबट वास नाही, आणि चकचकीत कागदावरची रंगीत जाहिरातींची पाने एकमेकांना चिकटलेली नाहीत. ती एकेक उलटून पाहताना फार समाधान वाटले.

बाधित अंक वेगळे करून सावलीत, पंख्याखाली वाळवत ठेवले आहेत. पूर्ण कोरडे झाल्यावर एन-९५ मास्क लावून, अंगणात मऊ ब्रशने झाडीन. फळ्या ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या. छपाईच्या शाईवर मात्र ते लावत नाही. ब्लीच लाकडावर वापरू नये, त्यातले पाणी आत मुरते.

आता डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारे यंत्र, घ्यावा, असे ही नोंद सुरू करताना ठरवले होते. पण कौलारू, सतत उघड्या खोलीत तो बाहेरचाच पाऊस सुकवत बसेल. लिहिता लिहिता अधिक सरळ मार्ग सुचला : अंकांनीच ती भिंत सोडावी. मधल्या, आतल्या भिंतीलगत पायांवर उभे राहणारे लोखंडी कपाट ठेवायचे आणि फडताळ पितळी भांड्यांना द्यायचे. पाऊस संपला की ऑइल पेंट खरवडायचा, मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत भिंत सुकू द्यायची, मग चुन्याची सफेदी करायची आणि बाहेरून पत्र्याची उतरती पडवी बांधायची. जळगाव-धुळ्याच्या मंडळींनी जूनच्या पहिल्या पावसानंतर संग्रहाच्या खोलीतला कूलर बंद करावा, कारण तो स्वतःच ओल सोडतो.

कपाटाचे माप उद्या घेतो. मागची बाजू जाळीची असावी की पत्र्याची, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्यांनी जाळी वापरली आहे त्यांनी धुळीचा अनुभव जरूर कळवावा.