दुसरी रिंग

पॅथॉलॉजीच्या खोलीत पेशंट सहसा येत नाहीत, त्यांचे ब्लॉक येतात, म्हणजे मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे. फलटणकडच्या ७५ वर्षांच्या आजींचे ब्लॉक त्यांच्या नातवाने ऐन मे महिन्यात एसटीने आणले. उन्हात मेण मऊ पडतं अशी कोणीतरी ताकीद दिली होती, म्हणून ते स्टीलच्या डब्यात घालून वर ओलं फडकं गुंडाळलं होतं. सोबतच्या रिपोर्टवर निदान होतं स्मॉल सेल कार्सिनोमा, फुप्फुसाच्या कॅन्सरमधला अत्यंत आक्रमक प्रकार. त्यात ऑपरेशनचा विचार क्वचितच होतो. ह्या वयात किमोचे हाल नकोत, आईला घरीच ठेवू, असं घरच्यांनी ठरवूनही टाकलं होतं. नातवाचं मन मानत नव्हतं.

बायोप्सीचा तुकडा जेमतेम दोन मिलिमीटरचा, तोही चिमट्यात चिरडलेला. चिरडलेल्या पेशींच्या नुसत्या निळ्या रेघा उरतात, आणि स्मॉल सेलही नेमका असाच चिरडतो, त्यामुळे इथे भल्याभल्यांची गफलत होते. एका कोपऱ्यात मात्र थोड्या पेशी शाबूत होत्या. सगळ्या एकसारख्या, गोलसर, केंद्रकात मीठ-मिरी भुरभुरावी तसे बारीक ठिपके. विभाजन होत असलेली पेशी एकही नाही, मेलेला भाग नाही. मग मी नातवाला खुर्चीवर बसवून सगळं विचारून घेतलं. आजींनी विडी-तंबाखूला आयुष्यात हात लावलेला नव्हता. कित्येक वर्षं दम्याचा पंप चालू होता. थुंकीतून रक्त पडलं तेव्हा टीबीच्या गोळ्यांचा कोर्सही झाला होता. स्मॉल सेल हा जवळजवळ नेहमी धूम्रपान करणाऱ्यांचा आजार. इथे काहीच जुळत नव्हतं.

केआय-६७ लावलं. विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशी ह्या तपासणीत तपकिरी दिसतात. स्मॉल सेलमध्ये निम्म्याहून कितीतरी जास्त पेशी रंगतात. इथे शंभरात चार-पाच. हा कार्सिनॉइड होता, सावकाश वाढणारा वेगळा कॅन्सर.

फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कार्सिनॉइडचं प्रमाण शंभरात एक-दोन. त्यातही तो पन्नाशीच्या आसपास जास्त सापडतो, त्यामुळे पंच्याहत्तरीत कोणाच्या मनात येत नाही. गाठ श्वासनळीत सावकाश वाढते, नळी अर्धीमुर्धी बुजवते, श्वासाला शिट्टी येते आणि सगळे दमा म्हणतात. किमोला तो फारशी दाद देत नाही. त्याच्यावरचा खरा इलाज ऑपरेशन.

रिपोर्ट का बदलला हे घरच्यांना समजावायला सर्जननी मला ओपीडीत बोलावून घेतलं. थोरल्या मुलाने हात जोडले. "मॅडम, ह्या वयात चिरफाड नको वाटते. आणि आईसमोर त्या रोगाचं नाव काढू नका." आजी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "नाव मला कळलंय रे. मला इचारा की कुणीतरी."

त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या.

वयाचा मुद्दा खोटा नव्हता. वय वाढतं तसा ऑपरेशनचा धोका वाढतो, आणि कॅन्सर बरा झाला तरी हृदयविकार, पक्षाघात वाट अडवायला असतातच. पण वयाच्या आकड्याने एकट्याने फैसला करायचा नसतो. किती फुप्फुस काढावं लागेल, उरलेल्यावर माणूस चालेल का, नोडमध्ये, म्हणजे लसिकाग्रंथींत, आजार गेलाय का, कडा स्वच्छ निघतात का, गाठीची जात कोणती, ह्या सगळ्यांचं वजन पडतं. भूलतज्ज्ञांनी ढोबळ हिशेब मांडला. दोन्ही फुप्फुसांचे मिळून १९ भाग धरतात. आजींची फुंकण्याची टेस्ट अपेक्षित क्षमतेच्या ६८ टक्के होती. डावा वरचा लोब, म्हणजे डाव्या फुप्फुसाचा वरचा कप्पा, ५ भागांचा. तेवढाच काढला तर उरतात सुमारे ५० टक्के. पूर्ण डावं फुप्फुस गेलं तर ३६. पन्नासवर आजी घर सांभाळू शकल्या असत्या. छत्तीसवर त्यांचं कसं होईल, ह्याची खात्री द्यायला आमच्यातलं कोणीच तयार नव्हतं.

आणि गाठ बसली होती नेमकी लोबच्या तोंडाशी, मुख्य नळीला लागून. सर्जनच्या मनात स्लीव्ह लोबेक्टमी होती: वरचा लोब नळीच्या तेवढ्या तुकड्यासकट काढायचा आणि खालच्या लोबची नळी वर आणून मुख्य नळीला शिवायची. ब्रिटिश सर्जन क्लेमेंट प्राइस थॉमस यांनी १९४७ साली ही पद्धत पहिल्यांदा वापरली, तीही अशाच गाठीसाठी, फुप्फुस वाचवायला. जमेल की नाही हे मात्र कापलेल्या कडेवर ठरतं, आणि ती कडा बघायचं काम माझं.

ऑपरेशनच्या सकाळी आम्ही क्रायोस्टॅट, म्हणजे तुकडा गोठवून पातळ काप घ्यायचं यंत्र, उणे वीसवर तयार ठेवला होता. पहिली रिंग आली. मुख्य नळीच्या बाजूची बारीक चकती, पुढची बाजू कळावी म्हणून दोऱ्याचा एक टाका घातलेला. खऱ्या कडेला निळी शाई लावली. नळीत कूर्चा असते; पातं तिला अडखळतं आणि काप फाटतो. आमच्या टेक्निशियन दादांनी तीनदा काप घेतले तेव्हा एक धड निघाला. वरचं अस्तर स्वच्छ होतं. मागच्या बाजूला, कूर्चेच्या दोन तुकड्यांच्या फटीत, पेशींचं छोटंसं घरटं होतं, आणि ते शाईला टेकलं होतं.

इंटरकॉमवर सांगितलं, "सर, कडा पॉझिटिव्ह. टाक्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "अजून पाच मिलिमीटर देऊ शकतो. त्यापुढे नळी जुळणार नाही, पूर्ण फुप्फुस काढावं लागेल."

दुसरी रिंग आणखी पातळ होती. अशा वेळी हात आपोआप घाई करतो, आणि घाईत काप जाडा येतो. दादांना म्हटलं, सावकाश घ्या, ओटी थांबेल. मागच्या बाजूचे काप एकाच पातळीवर न थांबता खालपर्यंत घेत गेलो, कारण घरटं फटीत लपलेलं असतं आणि एका कापाने फसवणूक होते. ग्रंथी, स्नायू, कूर्चा, चरबी. कुठेच काही नाही. मी परत पहिल्या कापापासून सगळं पाहिलं आणि मगच इंटरकॉम उचलला. "निगेटिव्ह." पलीकडून फक्त "जोडतो" एवढंच आलं. मी खुर्चीत बसले तेव्हा माझे पाय थरथरत होते, हे आठवतंय.

पुढच्या दिवसांतलं काम कमी नाट्याचं, पण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. लोबच्या मुळाशी चरबीत दडलेले नोड बोटांनी चाचपून शोधावे लागतात. आंतरराष्ट्रीय निकष किमान सहा नोड किंवा स्थानकं, म्हणजे नोडच्या ठरलेल्या जागा, तपासायला सांगतात. म्हाताऱ्या पेशंटचं ऑपरेशन लवकर आटोपावं म्हणून नोड कमी काढले जातात, असं मी पाहिलं आहे, आणि मला ते पटत नाही. नोड पाहिलेच नाहीत तर आजार नाही असं म्हणायला आधार काय? आमच्या सर्जननी ते नीट काढले होते. नळीलगतच्या एका नोडमध्ये आजार मिळाला, दोन फुप्फुसांच्या मधल्या पोकळीतले सगळे स्वच्छ.

मग विभाजनाची मोजणी. दोन चौरस मिलिमीटरमध्ये दोनपेक्षा कमी पेशी विभाजन होताना दिसल्या आणि मेलेला भाग नसला तर टिपिकल. दोन ते दहा असल्या तर एटिपिकल. टिपिकलमध्ये पाच वर्षांनी सुमारे नव्वद टक्के लोक हयात असतात. एटिपिकलमध्ये आकडा बराच खाली येतो. सगळ्यात गजबजलेला भाग शोधून मोजलं तर तीन आल्या. आकडा आवडला नाही म्हणून तो बदलत नाही. एटिपिकल लिहिलं.

आजींना तिसऱ्या दिवशी हृदयाचे ठोके अनियमित झाले. फुप्फुसाच्या ऑपरेशननंतर ह्या वयात हे बऱ्याचदा होतं. औषधांनी ते जागेवर आले. फिजिओथेरपिस्ट ताईंनी त्यांना नळ्यांसकट वॉर्डात चालवलं, खोकायला लावलं, आजींनी त्यांना मनसोक्त बोलून घेतलं आणि तरी चालल्या. ट्यूमर बोर्डात, म्हणजे सगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, किमोवर चर्चा झाली. नोड एक, कडा स्वच्छ, आणि अशा वेळी किमोने आयुष्य वाढतं असा भक्कम पुरावा नाही. नियमित सीटी करायचं ठरलं, तेही दीर्घकाळ, कारण हा आजार दहा वर्षांनीही उलटतो. आतापर्यंतचे सीटी स्वच्छ आहेत. पंप मात्र कपाटात गेला.

पहिला रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना मी केआय-६७चे फोटो पाठवले होते. त्यांनी आपणहून फोन केला, स्लाइड पुन्हा काढून पाहिली. त्यांच्याकडे त्या तपासणीची सोय नाही. आता चिरडलेला तुकडा आला की रिपोर्ट देण्याआधी ते ब्लॉक आमच्याकडे पाठवतात. मध्यंतरी एक आला, विडी ओढणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांचा. केआय-६७ लावलं तर जवळजवळ सगळ्या पेशी तपकिरी. तो खरोखरच स्मॉल सेल होता, आणि त्यांचा पहिला अंदाज बरोबर होता. त्याच संध्याकाळी रिपोर्ट कळवला, म्हणजे किमोला उशीर व्हायला नको.