तीस इंची आला, आणि आल्या आल्या मान टाकली

मंडळी, बास गिटारच्या स्केलचा, म्हणजे तारेच्या वाजत्या लांबीचा, वाद माझ्यापुरता मिटला. चौतीस इंच (लाँग स्केल) की तीस (शॉर्ट स्केल) यावर मागच्या वेळी आपली जी जुंपली होती, तिचा निकाल घरातच लागला, तोही भाच्याच्या लाँग स्केल पी-बासवर (प्रिसिजन बासवर). ज्यांच्याकडे उसना का होईना, चौतीस इंची आहे त्यांनी खरेदीला निघण्याआधी एवढं करून बघा. चारही तारा एकेक पूर्ण टोन उतरवा, म्हणजे ई-ए-डी-जीच्या जागी डी-जी-सी-एफ, आणि दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावा. सूर परत ई-ए-डी-जी, आणि कॅपोपासून ब्रिजपर्यंत (तारांच्या बुडाकडच्या टेकूपर्यंत) लांबी उरते साधारण 30.3 इंच. ताणही पाचव्या हिश्शाने उतरतो, त्यामुळे शॉर्ट स्केलच्या तारेचा सैलपणा हाताला आपोआप कळतो. गिटारचा साधा कॅपो जाड ई तारेवर जरा कुरकुरतो, पण चाचणीपुरता चालून जातो.

पहिल्या ते चौथ्या फ्रेटचं अंतर चौतीस इंचीवर सुमारे 130 मिलिमीटर, तीस इंचीवर 114. कागदावर दीड सेंटीमीटर किरकोळ वाटतो. माझ्या करंगळीला विचारा! कॅपो लावल्यावर ती पहिल्यांदा न ताणता चौथ्या घरात जाऊन बसली आणि मी उठून चहा टाकला. 28.6 इंची मिनी बासचाही विचार होता, पण तेवढ्या लांबीवर ई तार फारच ढिली पडते, म्हणून तो यादीतून गेला. ‘लहान मुलांचा बास’ म्हणून हिणवतात ते सोडा, साठीनंतर असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायला वेळ नाही.

तर चिंचवडच्या एका मुलाकडून सेकंडहँड तीस इंची घेतला. चौदा हजार, बॅगेसकट. गिब्सनच्या एसजी गिटारच्या घाटाचा, दोन आखूड शिंगं, वजन 3.2 किलो, प्रवासाच्या बॅगा मोजायच्या हुकाच्या काट्यावर दोन्ही लटकवून पाहिले, भाच्याचा 4.1 भरला. फ्रेटच्या कडा बोटाला लागत नाहीत, ट्रस रॉड (मानेतली सळई) फिरतो, पॉट (आवाजाची फिरती बटणं) खरखरत नाहीत. मान पडते हे त्या मुलाने आपणहून सांगितलं, वर ‘काकू, तुम्ही बसूनच वाजवा’ असा सल्लाही दिला. पोरगा सरळ वाटला. नेक डाइव्हचं, म्हणजे मान खाली झुकण्याचं, बघून घेऊ, असं म्हणून मी पैसे मोजले, आणि तेव्हापासून फक्त तेच बघतेय.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. लिओ फेंडरच्या 1951च्या प्रिसिजनपासून त्या घाटाच्या बासचं वरचं शिंग लांब असतं, बाराव्या फ्रेटच्या आसपास येतं, आणि पट्ट्याचं बटण त्याच्या टोकाला. त्यामुळे बास गळ्यात आडवा राहतो. एसजी घाटात शिंग आखूड, माझ्या बासचं बटण तर पार मानेच्या बुडाशी आहे. आधार उजवीकडे सरकला, सगळी मान आणि टोकाचे चार जडशीळ ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या) डावीकडे अधांतरी. हात सोडला की हेडस्टॉक, म्हणजे मानेचं टोक, जमिनीकडे. मग मान सावरायचं काम डाव्या हाताकडे येतं, अंगठा मागून चिमटा आवळतो, आणि माझ्या अंगठ्याच्या मुळाशी झीज आहे हे जुन्यांना ठाऊक आहे. बोटांचं दुखणं मिटलं ते अंगठ्यात येऊन बसलं.

पहिला उपाय अर्थातच पट्टा. दुकानात मिळणारे नायलॉनचे अरुंद पट्टे बाससाठी कुचकामी, हे माझं ठाम मत झालंय. ओळखीच्या चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून नऊ सेंटीमीटर रुंद चामड्याचा पट्टा करून घेतला, खरबरीत बाजू आत. दुकानातल्या स्वेड (खरबरीत चामड्याच्या) पट्ट्यापेक्षा स्वस्त पडला आणि शिलाई त्याहून पक्की. खादीच्या कुर्त्यावर तो असा धरून बसतो की हात सोडला तरी मान हळूहळूच उतरते. पण गणपतीच्या कार्यक्रमात आम्ही बायकांनी काठपदराच्या रेशमी साड्या नेसायचं ठरवलंय, आणि पट्टा येतो नेमका डाव्या खांद्यावर, पदरावर. रेशमावर स्वेडसुद्धा घसरतो. पदराला पिन लावली तर पट्टा पदरासकट घसरतो. बास वाजवणाऱ्या पुरुषांच्या कुठल्याच व्हिडिओत याचं उत्तर सापडलं नाही.

दुसरा उपाय वजन. गुडघ्याच्या व्यायामाचं पायाला बांधायचं अर्ध्या किलोचं वजन घरात होतंच. ते पाठीमागे पट्ट्यावर बांधलं, काहीही फरक नाही, नुसता खांदा अवघडला. तेच मागच्या बटणालाच अडकवलं, आणि मान सरळ! पट्ट्यावरचं वजन खांदा उचलतो, बटणावरचं थेट बासच्या शेपटाला खाली ओढतं. अंगठा मानेवरून पूर्ण उचलून ए मेजर स्केल वर-खाली वाजवलं, शेजारच्या खोलीतून ‘बरी आहेस ना?’ अशी विचारणा झाली इतकी मी ओरडले. मग बास काट्याला लावला. 3.7 किलो. हलका बास म्हणून घेतला आणि भाच्याच्या लाँग स्केलशी जवळजवळ बरोबरी करून बसले.

म्हणून मग मोजायचं ठरवलं, अंदाजाने किती दिवस काढणार? वजन काढलं, बास गळ्यात घातला, काट्याचा हुक हेडस्टॉकला अडकवून यजमानांना वर धरायला लावला. मान आडवी राहीपर्यंत काट्यावर 260 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे माझा अंगठा दर वेळी एवढं उचलत होता, तार दाबायचा जोर वेगळाच. शेपटाकडे याच कामाला अर्धा किलो लागला, कारण शेपूट आधारापासून जवळ आणि हेडस्टॉक लांब. उलट बाजूने बघितलं तर हेडस्टॉकवरचा एकेक ग्रॅम सर्वांत महाग. हिपशॉटच्या अल्ट्रालाइटसारखे हलके ट्यूनर लावले आणि दर ट्यूनरमागे 40 ग्रॅम जरी वाचले तरी टोकावरचे 160 ग्रॅम गेले, उरलेले शंभर खादीवर पट्टा सांभाळेल. वजन वाढण्याऐवजी कमी होईल. अडचण एवढीच की बाहेरून मागवलेले ट्यूनर कस्टमसकट चौदा हजारांच्या बासला शोभत नाहीत.

इथवर काल रात्री लिहून ठेवलं होतं. आज सकाळी वाचताना त्या पोराचं ‘बसूनच वाजवा’ पुन्हा डोक्यात आलं. उजव्या मांडीवर बास ठेवून बसलं तर मान पडतेच, ते करून झालंय. पण क्लासिकल गिटारवाले डाव्या मांडीवर घेतात, डाव्या पायाखाली उंचवटा आणि मान वर. देवघरातले दोन पाट एकावर एक ठेवले, डावा पाय त्यावर, बासचं बूड दोन मांड्यांच्या मध्ये, मान तिरपी वर, हेडस्टॉक डोळ्यांच्या रेषेत. पट्टाही गळ्यात ठेवला. काटा पुन्हा लावला तर जेमतेम हलला. मनगट सरळ राहतं, उजव्या हाताची कोपरापुढची बाजू बासला अंगाशी दाबून धरते आणि अंगठा मोकळा. आणि पट्ट्यावर भारच नसल्याने रेशमी पदराचा प्रश्न जागच्या जागी संपला. रंगमंचावर एक बिनहाताची खुर्ची मागायची, बस्स. तबलेवाले बसतात, पेटीवाले बसतात, बासवालीनेच काय म्हणून उभं राहायचं?

तेव्हा ट्यूनरचा बेत तूर्त रद्द. ते पैसे तारांना. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीच्या वेटोळ्याच्या गुळगुळीत तारा) हव्यात, बोटांना मऊ आणि सरकताना चर्रर्र आवाज नाही. फक्त त्यांतल्या बऱ्याचशा नेहमीच्या गोल वेटोळ्याच्या राउंडवाउंडपेक्षा ताठ असतात आणि मला तर ताण कमी हवाय, म्हणून थोमास्टिकच्या जॅझ फ्लॅट्सवर डोळा आहे. महाग आहेत, पण ताण कमी असलेल्या फ्लॅटमध्ये त्यांचंच नाव सगळे घेतात, आणि फ्लॅटवाउंड वर्षानुवर्षं चालतात. शॉर्ट स्केलचाच संच घ्या, हे इथे नव्याने सांगायला नको.

वाजवण्याची प्रगतीही सांगते, थोडीच आहे. आमच्या मुख्य गायिकेची पट्टी काळी पाच, म्हणजे ए शार्प. ए तारेच्या पहिल्या फ्रेटवर तो षड्ज मिळतो, पण घरं सगळ्यात रुंद तिथेच. ई तारेच्या सहाव्या फ्रेटवर तोच सूर आहे, आणि पंचम शेजारच्या ए तारेवर आठव्यात. केहरव्यात सा-प धरून बसायला याहून सोपी जागा नाही. बोटं कॉन्ट्राबासवाल्यांच्या सिमांडल पद्धतीने, पहिलं, दुसरं, आणि अनामिका-करंगळी जोडीने. पुरुष गायक काळी दोनमध्ये (डी शार्पमध्ये) गातात, त्यांच्यासाठी हाच साचा एक तार खाली सरकवायचा, ए तारेचा सहावा आणि डीचा आठवा.

कोणाकडे जॅझ फ्लॅट्सचा वापरलेला शॉर्ट स्केल संच पडून असेल तर कळवा. आणि पुण्यात कुणाकडे क्लासिकलवाल्यांचं घडीचं फूटस्टूल असेल तर आठवडाभर उसनं हवंय, उंची ठरवून सुताराकडून करून घेईन. पाट नवरात्रात परत देवघरात लागणार आहेत.